उसनी नावे

दिवाळी सरून कोरडी हवा सुटली की आमच्या वसईच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या बोंबलांनी भरून जातात. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले ते मासे उन्हात वाळत असतात आणि त्यांचा वास वाऱ्याबरोबर पार रस्त्यापर्यंत येतो. गेल्या नाताळात माझी नऊ वर्षांची नात कॅनडाहून आली होती. तिकडच्या दुकानातील एका पाकिटावर तिने या माशाचे इंग्रजी नाव वाचले होते, 'बॉम्बे डक'. म्हणजे मुंबईचे बदक! वलांडीपाशी उभी राहून तिने मला विचारले, "आजोबा, ह्यात बदक कुठे आहे?"

मी तिला ऐकीव गोष्ट सांगितली. सुके बोंबील टपालगाडीने जात, त्या गाडीला 'बॉम्बे डाक' म्हणत, आणि डाकचे साहेबाच्या तोंडी डक झाले. गोष्ट तिला आवडली. मागाहून शोध घेतला तेव्हा माझीच फजिती झाली. आपल्याकडे पहिली आगगाडी धावली १८५३ साली, आणि 'बॉम्बे डक' हे नाव त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी पुस्तकांत आढळते. बदक माशात कसे शिरले हे आगगाडीने काही सुटत नाही. मात्र त्या मुलीचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. एका प्राण्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो, तेव्हा आपण नेमके काय करतो?

आपली मराठीही या बाबतीत साहेबाहून वेगळी नाही. पाणमांजर मांजर नव्हे, उदमांजरही नव्हे. समुद्रघोडा हा चक्क मासा आहे. पाणघोड्याला ग्रीकांनीही नदीतला घोडाच म्हटले, आणि आजचे शास्त्र सांगते की त्याचे सर्वांत जवळचे हयात नातलग देवमासे आहेत. तारामासा मासा नाही, आणि पाणकावळ्याचे कावळ्याशी रंगापलीकडे साम्य नाही. यात कुणाचा अपराध आहे असे मला वाटत नाही. अनोळखी वस्तू समोर आली की माणूस ओळखीच्या वस्तूचा आधार घेतो. परगावी गेलेला माणूस नाही का म्हणत, "हा अगदी आमच्या अमक्यासारखा दिसतो"? उसने नाव ही ओळखीची पहिली पायरी आहे. दोष आहे तो पहिल्याच पायरीवर बसून राहण्यात.

आपल्या कोकणातले खवले मांजर घ्या. मांजराच्या अंगावर केस, याच्या अंगावर खवले. मांजराचे दात तीक्ष्ण, याच्या तोंडात दातच नाहीत. लांब, चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून ते जगते. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, आणि आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून ते रानात फिरते. संकट आले की हा प्राणी अंगाचे वेटोळे करून घट्ट चेंडू होतो. मलाया देशातील लोकांनी त्याची हीच रीत पाहिली आणि त्याला 'गुंडाळून घेणारा' अशा अर्थाचे नाव दिले. त्यावरूनच इंग्रजीत 'पँगोलिन' शब्द गेला. ते नाव प्राण्याकडे पाहून ठेवलेले आहे. आपले नाव शेजारच्या मांजराकडे पाहून ठेवलेले आहे.

गुंडाळून घेण्याची ही युक्ती वाघ-बिबळ्यापुढे चालते. माणसापुढे तीच घातक ठरते, कारण माणसाला तो चेंडू नुसता उचलून पोत्यात टाकायचा असतो. त्याचे खवले औषधी समजून परदेशात विकले जातात. वास्तविक आपली नखे ज्या द्रव्याची बनली आहेत, त्याच द्रव्याचे ते खवले असतात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला पहिल्या परिशिष्टात घालून संरक्षण दिले आहे, आणि २०१६ साली जगातील राष्ट्रांनी त्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरवले. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही.

उसन्या नावाने कधी कधी जीवही जातो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तेथे पाठीवर काळे पट्टे असलेला, कुत्र्यासारख्या तोंडाचा एक प्राणी राहत असे. तो वाघ नव्हता, लांडगाही नव्हता. कांगारूसारखी पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांपैकी तो एक. इंग्रज वसाहतवाले १८०३ पासून तेथे उतरू लागले. त्यांनी त्याला कधी तरस म्हटले, कधी लांडगा, आणि शेवटी 'टास्मानियाचा वाघ' हे नाव रुळले. पुढे बेटावर मेंढ्यांचे मोठमोठे कळप आले. वाघ म्हटल्यावर त्याचे काय करायचे हे युरोपातून आलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नव्हते. १८३० साली एका मेंढपाळ कंपनीने त्याच्या डोक्यावर इनाम लावले. १८८८ पासून १९०९ पर्यंत सरकारनेच प्रौढ जनावरामागे एक पौंड दिला. अशी एकूण २१८४ इनामे वाटल्याची नोंद आहे. मोकाट कुत्री, चोऱ्या आणि कळपांची हेळसांड हीच मेंढ्यांच्या नुकसानीची मोठी कारणे होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच्या कवटीचा अभ्यास केला आणि पूर्ण वाढलेली मेंढी मारण्याइतके बळ त्याच्या जबड्यात नसावे असा निष्कर्ष काढला. सरकारने त्याला संरक्षण दिले १० जुलै १९३६ रोजी. माहीत असलेला शेवटचा प्राणी होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयात मेला तो त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, म्हणजे एकोणसाठ दिवसांनी.

केवळ नावामुळे तो नष्ट झाला, असे मी म्हणणार नाही. लोकरीच्या पैशाने त्याला मारले. परंतु मारणाऱ्याच्या मनाला जी टोचणी लागायला हवी होती, ती 'वाघ' या शब्दाने लागू दिली नाही. आरोप नावातच होता, मग चौकशी कशाला करायची?

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्या देशात आहे. विदर्भातील शेतकरी ज्याला रोही म्हणतो, त्याला आपण पुस्तकात नीलगाय म्हणतो. गायबैलांच्या विस्तृत कुळात हा प्राणी येतो खरा, पण तो गाय नव्हे. शास्त्रज्ञांचाही त्याच्यापुढे असाच गोंधळ उडाला होता. त्याच्या शास्त्रीय नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी कोंबून बसवले आहेत! लोकांच्या तोंडी मात्र 'गाय' राहिली, आणि त्या दोन अक्षरांनी अनेक ठिकाणी त्याला अभय दिले. कळप वाढले, उभी पिके फस्त होऊ लागली. तेव्हा नावच बदलावे, त्याला 'रोजड' म्हणावे, म्हणजे मारताना कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, अशा सूचना उत्तरेत पुनःपुन्हा पुढे आल्या. बिहारमध्ये २०१५ च्या अखेरीस त्याला वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी ठरवण्यात आले. २०१६ च्या जून महिन्यात मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या आणि देशभर वाद पेटला.

वाचकहो, या वादात दोन बाजू होत्या, आणि त्या प्राण्याला धड कुणीच पाहिले नाही असे मला वाटते. गाय म्हणून वाचवा म्हणणाऱ्याला तो दिसला नाही. गाय नाही म्हणून मारा म्हणणाऱ्यालाही दिसला नाही. रात्रभर मचाणावर बसून हरभरा राखणारा शेतकरी तर दोघांच्याही नजरेआड राहिला. खरे प्रश्न निराळे होते. त्या जनावराचे रान कुठे गेले? शेतकऱ्याची भरपाई कोण करणार? नावाची अदलाबदल केली की हे प्रश्न विचारण्याचे कष्ट वाचतात.

येथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख प्रामाणिक राहणार नाही.

मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचे उतरवून घ्यायला त्याला सर्वांहून दुप्पट वेळ लागे. एके दिवशी मी त्याला 'कासव' म्हटले. वर्ग हसला. मलाही शब्द नेमका सापडल्याचे समाधान वाटले. दुसऱ्या दिवसापासून सारा वर्ग त्याला कासव म्हणू लागला आणि मी ते थांबवले नाही. वर्षाअखेरीस शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. तिसऱ्या बाकावरून त्याला फळ्यावरची अक्षरे दिसतच नव्हती. शेजाऱ्याच्या वहीतून चोरून पाहत तो लिहीत असे, आणि शेजारी पान उलटी त्या वेळी थांबत असे. नऊ महिने तो माझ्यासमोर बसला होता. त्याचे बारीक केलेले डोळे, पुढे झुकलेली मान मला रोज दिसत होती. पण मला उत्तर आधीच मिळाले होते, तो कासव होता. उत्तर मिळालेला माणूस प्रश्न विचारीत नाही.

कित्येक वर्षांनी वसई रोड स्टेशनवर एक चष्मेवाला गृहस्थ माझ्या पाया पडला. बरोबर त्याची लहान मुलगी होती. "सर, ओळखलंत का? मी तुमचा कासव," तो म्हणाला. तो मोकळेपणाने हसत होता. मला हसता आले नाही. त्याचे खरे नाव आठवायला मला काही क्षण लागले, आणि ते क्षण मी अजून विसरलो नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. परमेश्वर सर्व पशुपक्षी घडवतो आणि एकेक करून आदामापुढे आणतो, तो त्यांना काय नावे देतो हे पाहण्यासाठी. पूर्वी हा प्रसंग वाचताना मला त्यात माणसाचा अधिकारच दिसे, कारण नाव देणारा तो धनी. हल्ली मला त्यात दुसरेच काही दिसते. प्राणी आदामापुढे घोळक्याने हाकलले गेले नाहीत, ते आणले गेले. नाव देण्याआधी त्याला प्रत्येकाकडे पाहावे लागले असणार. आणि परमेश्वरही तेथे थांबून पाहत आहे. नाव देणे ही नाव देणाऱ्याचीच परीक्षा आहे असा अर्थ मी आता घेतो. माझ्या वर्गात त्या दिवशी परीक्षा त्या मुलाची नव्हती.

मग उसनी नावे टाकूनच द्यावीत का? तसे करता येणार नाही, आणि करूही नये. आपली स्वतःची नावे तरी कुठली? स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला एखाद्या संताचे नाव देतात, म्हणजे उसनेच. पण ते देताना बाळ कसे आहे याचा निकाल कुणी लावीत नाही. त्याने कसे व्हावे याची आशा त्यात असते, आणि त्याला सांभाळण्याची जबाबदारी आईबाप व धर्ममातापिता भर सभेत पत्करतात. उसने घेणाऱ्याने परतफेडीचे वचन दिलेले असते. माझ्या 'कासवा'त तसे काही वचन नव्हते.

प्राण्यांच्या बाबतीतही आपल्या भाषेला ही दुसरी रीत ठाऊक आहे. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो, चिमणीला चिऊताई म्हणतो. ही नावे माणसाच्या घरातून उसनी घेतलेली आहेत, पण त्यांनी प्राणी पुसला जात नाही. उलट, तो उंबऱ्याच्या आत येतो. असिसीकर संत फ्रान्सिस लांडग्याला बंधू म्हणत, अशी गुब्बियो गावची कथा आहे. लांडग्याने कुणाला खाल्लेच नव्हते, असे ती कथा म्हणत नाही. त्याने काय केले हे जाणून घेऊन, तो भुकेला आहे हेही लक्षात घेऊन, संताने त्याला नात्याचे नाव दिले, आणि गावाने त्याला खाऊ घालण्याचे कबूल केले. दुसऱ्या एका फ्रान्सिसने, पोप फ्रान्सिस यांनी, २०१५ साली आपल्या परिपत्रकात सांगितले की इतर जीवांना परमेश्वराच्या दृष्टीत स्वतःचे मोल आहे, आपल्या उपयोगापुरते नव्हे.

तेव्हा कसोटी एवढीच ठेवावी. मी दिलेले नाव मला त्या जिवाकडे पुन्हा पाहायला लावते का, की पाहण्यातून मोकळे करते? मेंढपाळाचा 'वाघ' मोकळे करीत होता, माझा 'कासव'ही. शेजारच्या वस्तीला, नव्या भाडेकरूला, घरात आलेल्या सुनेला आपण जी नावे ठेवतो, त्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी. योहानाच्या शुभवर्तमानात चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो. कळपातील प्रत्येक मेंढरू वेगळे आहे, हे त्याला ठाऊक आहे म्हणूनच त्याला तसे करता येते.

नातीला मी दोन दिवसांनी सांगितले की माझी आगगाडीची गोष्ट खोटी निघाली, आणि त्याला बदक का म्हणतात ते मला सांगता येत नाही. तिला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. "मग मी काय म्हणू?" तिने विचारले. "बोंबील म्हण," मी म्हटले. ती पुन्हा वलांडीपाशी गेली आणि टाचा उंचावून एका माशाच्या तोंडात वाकून बघू लागली.

"आजोबा," ती ओरडली, "ह्याला केवढे दात आहेत!"

साठ वर्षे मी बोंबील खात आलो आहे. मी उठलो आणि पाहायला गेलो.