गस्त समुद्रावर, मोकळीक धक्क्यावर

जानेवारी 2025 मध्ये शिरगाव, ससून डॉक, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड अशा ठिकाणांहून मत्स्यव्यवसाय विभागाचे ड्रोन समुद्रावर घिरट्या घालू लागले. काम साधंच. नौकेचं चित्रण करायचं, तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक टिपायचा, तो कार्यालयातल्या नोंदीशी ताडून पाहायचा. मग मालकाला नोटीस, सुनावणी आणि दंड. एका गस्ती नौकेनं लांबलचक किनारा राखण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण हाकेच्या अंतरावर माणूस नसलेल्या या पहाऱ्याला कायद्यानंच एक कुंपण घालून ठेवलं आहे.

राज्यघटनेत ‘मत्स्यव्यवसाय’ राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत. म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा, आणि तिथून 200 मैलांपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्रात, दिल्लीचा अंमल. बांगडा आणि तारली या रेषेला जुमानत नाहीत. नियम मोडणारी नौका मात्र तिचा पुरेपूर फायदा घेते. पकडली गेली की ‘आम्ही बारा मैलांबाहेर होतो’ हे उत्तर तयार असतं.

पर्ससीनचा वाद याच रेषेवर पेटला. हे जाळं माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून दोरी ओढून बटव्यासारखं आवळतात. थवाच्या थवा आत. रापण आणि गिलनेट या पारंपरिक जाळ्यांवर जगणाऱ्यांच्या वाट्याला मग काय उरणार? पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्यानं 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला: नवे परवाने बंद, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच, आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्यानं 182 वर आणायची.

पाठोपाठ एलईडी मासेमारी आली. एक नौका जनरेटर चालवून पाण्यावर झगझगीत दिवे धरते, उजेडाकडे मासळी गोळा होते आणि दुसरी नौका तिच्याभोवती जाळं टाकते. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्रानं आपल्या क्षेत्रात यावर बंदी घातली. 2021 च्या दुरुस्तीनं राज्याचा दंडही जबर झाला. एलईडीसाठी तो 5 ते 20 लाख रुपये आहे. खटले तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले गेले, कारण महसुली कामांच्या ढिगाऱ्यात ते वर्षानुवर्षं पडून राहत.

तरीही मालवणपासून पालघरपर्यंत पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. पर्ससीन मालकांचीही बाजू आहे. परवाना याच सरकारनं दिला, नौका कर्ज काढून बांधली, आणि परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आमच्याच समोर मासळी ओरबाडून नेतात, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. एका राज्याचा अंकुश दुसऱ्या राज्यातल्या नौकेवर चालत नसेल, तर घरच्या नाखव्याला नियम म्हणजे आपल्यालाच केलेली शिक्षा वाटते.

मुळात मासळी समुद्रात पकडली जात असली, तरी पैसा धक्क्यावरच होतो. एलईडीच्या नौकेलाही डिझेल लागतं, बर्फ लागतो, लिलाव लागतो. तो जनरेटर आणि ते दिवे बंदरातूनच नौकेवर चढतात. डिझेलवरच्या कराचा परतावा तर सरकारच देतं. युरोपीय संघानं 2010 पासून हाच धागा पकडला. मासळी कोणत्या नौकेनं पकडली याचा दाखला नसेल, तर ती तिथल्या बाजारात शिरत नाही. म्हणून इथल्या निर्यातदारांनाही तो दाखला घ्यावा लागतो. ससून डॉकवरून दादरच्या बाजारात जाणाऱ्या टोपलीला मात्र असं कुणी काही विचारत नाही.

2023 मध्ये राज्यानं 54 प्रजातींचं किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान नको, सुरमई 370 पेक्षा लहान नको. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. हा नियम ड्रोनला दिसणारा नाही. तो राबवायला धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभा राहणारा निरीक्षक हवा, आणि लिलाव थांबवायचा त्याला अधिकार हवा.

केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम काढले. यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेशपास, एलईडी आणि जोडीनं ओढायच्या ट्रॉलिंगवर बंदी, सहकारी संस्थांना प्राधान्य. बारा मैलांपलीकडे कायदा नाही ही सबब त्यामुळे लंगडी पडली. आता राज्यानं आपली बाजू सांभाळायला हवी. प्रत्येक मोठ्या बंदरावर मासळी उतरवतानाच तपासणी व्हावी, दोषी नौकेचा डिझेल परतावा त्याच हंगामात थांबावा, आणि दंडाचे निकाल बंदराच्या फलकावर लागावेत. याला नवा कायदा लागत नाही. लागतात ती माणसं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहणारं मंत्रालय.