मणप्पाड : संरक्षणासाठी स्वीकारलेला धर्म

तामिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यात तिरुचेंदूरच्या दक्षिणेला मणप्पाड हे कोळ्यांचे छोटे गाव आहे. या किनारपट्टीवर ‘तेरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबड्या दिसणाऱ्या वाळूच्या टेकड्या पसरलेल्या असून, वाऱ्याने सरकणाऱ्या या वाळूत ताडाखेरीज फारसे काही तग धरत नाही. गावातील होली क्रॉस चर्चला येणारा यात्रेकरू समुद्राकडे तोंड असलेली एक गुहाही पाहतो. संत फ्रान्सिस झेवियर तेथे राहिला होता, अशी परंपरा आहे. मात्र या स्थळी उभा राहणारा खरा प्रश्न झेवियरच्या पावित्र्याचा नसून, तो येण्याआधीच येथे घडलेल्या एका सौद्याचा आहे.

परवर, म्हणजे मासेमारी करणारा आणि मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारा समाज, 1530 च्या दशकात मोत्यांच्या व्यवसायावरून मुस्लिम व्यापाऱ्यांशी झालेल्या संघर्षात सापडला. तेव्हा जातीच्या पुढाऱ्यांनी कोचीनला जाऊन पोर्तुगीजांकडे संरक्षण मागितले आणि त्याच्या बदल्यात समाजाने सामुदायिक बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. 1542 मध्ये गोव्यात उतरलेला झेवियर त्याच वर्षी या किनाऱ्यावर आला, तेव्हा आपण ख्रिस्ती आहोत यापलीकडे या लोकांना नव्या धर्माची जवळजवळ काहीच माहिती नाही, असे त्याला आढळले. म्हणून दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये आणून त्याने त्या मुलांकडून पाठ करून घेतल्या.

लाभासाठी स्वीकारलेला धर्म खरा मानावा काय? धर्मांतराच्या वादात हा प्रश्न सहसा आरोप म्हणूनच विचारला जातो आणि त्यामागे, श्रद्धेचे मोल तिच्या आरंभीच्या हेतूवरून ठरते, असे गृहीत धरलेले असते. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात मात्र आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू म्हणजे जाणू इच्छिणारा, अर्थार्थी म्हणजे काही मिळवू पाहणारा, आणि ज्ञानी, असे भक्तांचे चार प्रकार सांगितले असून, ज्ञान्याला श्रेष्ठ ठरवतानाही उरलेल्या तिघांना उदारच म्हटले आहे. या कसोटीने परवर हे एकाच वेळी आर्तही होते आणि अर्थार्थीही. अर्थात गीतेतला अर्थार्थी देवाकडे मागतो, परवरांनी आरमाराकडे मागितले, हा फरक लहान नाही.

तरीही पुढचा इतिहास हेतूवादाला अडचणीत आणतो. 1658 मध्ये डचांनी तूत्तुकुडी जिंकले, पोर्तुगीजांचे संरक्षण संपले आणि प्रोटेस्टंट असलेल्या नव्या सत्ताधाऱ्यांनी कॅथलिक उपासनेची गळचेपी केली. व्यवहारच पाहायचा तर पंथ बदलण्यात फायदा होता, पण परवर कॅथलिकच राहिले. ज्या मोबदल्यासाठी धर्म घेतला तो मोबदला उरला नसताना धर्म टिकला, आणि ज्यांना ही श्रद्धा जन्मतः मिळाली होती त्या पिढ्यांनी ती तोटा सोसून जपली.

यावर एक आक्षेप जोरकस आहे : टिकली ती श्रद्धा नव्हे, तर जात टिकली. धर्मांतर व्यक्तीचे नव्हते, जातीचे होते. पुढेही जातीच्या प्रमुखाला चर्चच्या समारंभांत मान राहिला आणि कॅथलिक असणे हाच परवर असण्याचा भाग झाला. हे वर्णन बव्हंशी बरोबर आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष, श्रद्धा म्हणजे एकट्या माणसाने अंतःकरणात केलेली निवड, ही व्याख्या मान्य असेल तरच निघतो. आणि या व्याख्येला युरोपात बळ मिळाले ते मुख्यतः प्रोटेस्टंट विचारातून, म्हणजे परवरांनी नाकारलेल्या डचांच्याच परंपरेतून. होली क्रॉसच्या सप्टेंबरमधील उत्सवाला नवस घेऊन येणारी कुटुंबे ती व्याख्या आजही पाळत नाहीत, आणि पंढरीची वारी घराण्याकडून वारशाने घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.