गुणांपुरती भाषा

सीताबर्डीवर सायंकाळी शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे जथे पाहिले, की एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. भाषेविषयी बोलताना आमच्या सुशिक्षित घरांतून हल्ली एकच विशेषण ऐकू येते. संस्कृत गुण देणारी, जर्मन गुण देणारी, फ्रेंचही तशीच. गोड, कठीण, जुनी, परकी ही विशेषणे मागे पडली.

मी घरी चिनी शिकवितो. मागील वर्षी शेजारची नववीतील एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. तिच्या शाळेत तो विषय नव्हता. परंतु एचएसके नावाची चिनी भाषेची परीक्षा आहे, तिची दुसरी पायरी तिला ओलांडावयाची होती. पुढेमागे परदेशच्या अर्जात एक ओळ वाढेल, असा तिच्या वडिलांचा हिशेब. हिशेबात गैर काही नव्हते.

ती ज्या परीक्षेस बसली ती सहा पायऱ्यांची होती. दुसऱ्या पायरीला शब्द तीनशे. ऐकणे आणि वाचणे असे दोन भाग. दोनशेपैकी 120 गुण मिळाले की उत्तीर्ण. बोलून दाखवावयाचे नाही, हाताने लिहावयाचे नाही. आणि मुख्य मौज अशी, की या पायरीपर्यंत प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरांबरोबर त्यांचा उच्चार रोमन लिपीत छापलेला असे. म्हणजे एकही अक्षर न ओळखता विद्यार्थी वाचनाच्या भागात पैकीच्या पैकी गुण मिळवू शके. चिनीत ‘मा’ हा ध्वनी सपाट सुरात उच्चारला तर आई, खाली नेऊन वर उचलला तर घोडा, एकदम पाडला तर शिवी देणे; पण सूर तोंडातून काढण्याचा प्रसंगच या परीक्षेत येत नसे. मी शिकविले ते या बेतानेच. मुलगी हुशार, सरावाच्या पत्रिकांत 180 च्या खाली उतरत नव्हती.

एके दिवशी काय मनात आले कोण जाणे, मी कागदाच्या पट्टीने तो रोमन उच्चार झाकला आणि म्हटले, “आता वाच.” दहा वाक्यांपैकी तिला दीड वाचता आले. ती म्हणाली, “पण सर, परीक्षेत वर लिहिलेलं असतं ना?”

तिचे म्हणणे बिनतोड होते. तेव्हापासून मला प्रश्न पडला तो असा, की मी काही अप्रामाणिकपणा केला काय? ज्याने जे मागितले ते त्यास दिले. वाण्याने मागितलेला माल तोलून दिला, तर तो लबाड ठरत नाही.

परीक्षेस नावे ठेवणे सोपे आहे, आणि ज्यांच्या घरी पिढीजात विद्या वा पैसा असतो त्यांना ते विशेष शोभते. ज्या देशाची ही भाषा, त्या देशात सरकारी अधिकाराची वाट सुमारे तेराशे वर्षे परीक्षेतूनच जात होती. ग्रंथ मुखोद्गत करावयाचे आणि ठराविक साच्याचे निबंध लिहावयाचे, यातच तेथील उमेदवारांची उमेदीची वर्षे सरत. 1905 साली ती पद्धत रद्द झाली, ती साचेबंदपणाच्या आरोपाखाली. तरीही सामान्य घरच्या मुलास वंशाच्या जोरावाचून वर चढण्याची एक शिडी तिने ठेविली होती, हे नाकारता येत नाही. आमच्याकडील शालान्त परीक्षेचेही तेच. मी स्वतः संस्कृतात उत्तम गुण मिळविले. भाषांतरे पाठ होती. न वाचलेला श्लोक समोर आला तर आजही अडखळतो. पण त्या गुणांनी मला महाविद्यालयात जागा मिळाली, आणि त्याबद्दल मी कृतघ्न होऊ इच्छीत नाही.

याच्या उलट बाजूस कोणी डॉ. कोटणीसांचे नाव घेईल. 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेथेच राहिले, रुग्णांशी बोलण्याइतकी आणि विद्यार्थ्यांना शिकविण्याइतकी चिनी शिकले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32 व्या वर्षी तेथेच वारले. त्यांना कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. उदाहरण थोर आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीपुढे ते ठेवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यापुढे विव्हळणारा मनुष्य होता. हिच्यापुढे प्रश्नपत्रिका आहे. गरज उसनी आणता येत नाही.

पुष्कळ विचारांती मला वाटते, माझा दोष परीक्षेपुरते शिकविण्यात नव्हता. गुण आणि भाषा यांतील अंतर त्या घरात एकट्या मला ठाऊक होते, आणि मी ते सांगितले नाही. वाण्याची उपमा येथे लंगडी पडते. गिऱ्हाईक निदान माल पाहू शकते.

मी तिच्या वडिलांना बोलावून सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हे आपण सहा महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी असे ठरले, की परीक्षा आहे तशी होऊ द्यावी. परंतु आठवड्यातून अर्धा तास, वेगळी फी न घेता, मी तिला प्रश्नपत्रिकेबाहेरचे शिकवावे.

पहिल्या दिवशी ह्युएनत्संगाने आपल्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे नाव ज्या चार अक्षरांत बसविले, ती अक्षरे मी तिला काढून दिली. सातव्या शतकात, पुलकेशीच्या अमदानीत, तो या प्रांतातून गेला होता. आजच्या उच्चाराने ती मो-हे-ला-छा अशी वाचावी लागतात. तिने ती चार वेळा गिरविली आणि अपेक्षित प्रश्न विचारला, “हे येतं का परीक्षेत?” मी नाही म्हटले. तिने कागद वहीत ठेविला.

दुसरी पायरी ती 186 गुणांनी पार झाली. आता तिसरीची तयारी चालू आहे. तेथे वरची रोमन अक्षरे काढून घेतलेली असतात. वाचन संथ चालते. सरावात दोनदा ती उत्तीर्णतेच्या रेषेखाली गेली. अधिक जलद तयारी करून देणारा दुसरा कोणी शिक्षक मला ठाऊक आहे काय, असे तिच्या वडिलांनी परवा अगदी सौजन्याने विचारले. मी दोन नावे सांगितली.