पावित्र्याला मोजमाप चालते का?

२०२५ च्या फेब्रुवारीत प्रयागराजला महाकुंभ ऐन भरात असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. अंघोळीच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या २५०० च्या वर जाऊ नये, असा निकष आहे. कुंभक्षेत्रात अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी घेतलेले नमुने या निकषात बसले नाहीत, असे अहवालात म्हटले होते. त्यानंतर काही दिवसांतच मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विधानसभेत सांगितले, की संगमाचे पाणी स्नानालाच काय, आचमनालाही योग्य आहे. पुढे वादाला पक्षीय रंग चढला आणि मूळ प्रश्न मागे पडला. तो प्रश्न असा: जी नदी आपले पाप धुते अशी कोट्यवधींची श्रद्धा आहे, तिच्या पाण्याला नापास करण्याचा अधिकार सरकारी प्रयोगशाळेला कोणी दिला? हा अधिकार श्रद्धेवरचे अतिक्रमण आहे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. मला उलट वाटते. पाण्याला पवित्र मानणाऱ्या समाजालाच या तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे, कारण जे पावित्र्य कोणालाच तपासू दिले जात नाही, ते सत्ता ज्यांच्या हाती असेल त्यांच्या सोयीचे होऊन बसते.

आधी ही तपासणी काय असते ते पाहू. नदीच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशा बेताने बूच लावतात. जिवाणूंच्या चाचणीसाठी वेगळी निर्जंतुक बाटली भरून ती बर्फाच्या पेटीत जाते. प्रयोगशाळेत पहिल्या बाटलीत दोन रसायने घातली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घालून, स्टार्चचे थेंब टाकून येणारा निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडतात आणि किती लागले ते टिपतात. त्याच पाण्याची दुसरी बाटली २७ अंश तापमानात तीन दिवस अंधारात ठेवून पुन्हा हीच चाचणी करतात. तीन दिवसांत जिवाणूंनी घाण खाताना जेवढा प्राणवायू संपवला, ती त्या पाण्याची बीओडी. अंघोळीच्या पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. या साऱ्या खटाटोपात पाणी कोणत्या तीर्थाचे, कोणत्या घाटाचे, त्यात कोण उतरले होते, हे कुठेही विचारले जात नाही. मला या न विचारण्यात मोठे नैतिक बळ दिसते.

श्रद्धेच्या बाजूचा आक्षेप मी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो. पावित्र्य हा पाण्याचा रासायनिक गुण नाहीच. तो भक्त आणि नदी यांच्यामधला संबंध आहे, आणि संबंध बाटलीत भरता येत नाही. हे खरे आहे. पण मग त्याच न्यायाने पावित्र्याच्या नावाखाली पाण्याच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडाही करता येणार नाही, आणि आपल्याकडे तो शतकानुशतके केला गेला. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुले केल्याचा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले पाणी प्याल्यावर ते ‘बाटले’ असे ठरले, आणि सनातन्यांनी मंत्रोच्चारात शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात घालून त्याची ‘शुद्धी’ केली. गुरेढोरे त्या पाण्यावर येत होती, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. माणसाच्या ओंजळीने पाण्याच्या बीओडीत काहीही फरक पडत नाही. शेण टाकल्याने मात्र ती नक्की वाढते. तेव्हा कोणी दोन बाटल्या भरल्या असत्या, एक सत्याग्रहानंतर आणि एक शुद्धीनंतर, तर घाण कोणी केली हे लख्ख दिसले असते. मोजमाप नसलेल्या शुचितेने माणसांना मलिन ठरवले आणि मळाला पवित्र. आज त्याच महाडच्या रासायनिक कारखान्यांशेजारून वाहणाऱ्या सावित्रीचे नाव प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत आले, तेव्हा तिच्या शुद्धीसाठी मंत्र म्हणायला कोणी पुढे आल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय परंपरेची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, हा निषेध धर्मशास्त्रांत स्पष्ट आहे. मनुस्मृतीतही तो आहे. नदी काहीही पोटात घेते आणि तरी पवित्रच राहते, अशी त्या शास्त्रकारांची खात्री असती, तर हा निषेध सांगण्याचे कारणच नव्हते. म्हणजे नदी आपल्याला शुद्ध करते या श्रद्धेबरोबरच तिला अशुद्ध न करण्याचे कर्तव्य आले होते. आपण श्रद्धा ठेवली आणि कर्तव्य सोडून दिले. ते पाळले जाते की नाही हे भक्ताला काठावर उभे राहून, डोळ्यांनी पाहून कळत नाही, कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यातही कोलिफॉर्म असतात. ते कळण्याचा मार्ग प्रयोगशाळेतूनच जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. मोजणारी यंत्रणा सरकारची आणि घाण सोडणाऱ्या नगरपालिका, महापालिकाही सरकारच्याच. मग आकड्यावर विश्वास कोणी ठेवायचा? महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी. तरी केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त, निघाले. आळंदीला इंद्रायणीवर साबणाच्या पाण्याचा आणि मैलापाण्याचा पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्याच पाण्यात हात जोडून उतरतात. नोटिसा निघतात, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे आराखडे होतात, फेस पुन्हा येतो. प्रयागच्या बाबतीतही फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच केंद्रीय मंडळाने दुसरा अहवाल दिला: नमुन्यांचे आकडे जागेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे फार बदलतात, म्हणून सगळ्यांचा मध्यक काढला, तर पाणी स्नानयोग्य ठरते. संख्याशास्त्र म्हणून मध्यक काढण्यात चूक नाही. पण यात्रेकरू मध्यकात बुडी मारत नाही. तो एका पहाटे, एका घाटावर उतरतो, आणि त्या वेळी तिथे काय वाहत होते तेवढेच त्याच्या आणि त्याच्या कडेवरच्या लेकराच्या पोटात जाते. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. दुसऱ्या अहवालावर कोणाला बोट ठेवता आले, ते पहिल्या अहवालातले आकडे कागदावर होते म्हणूनच. मोजमापातली लबाडी मोजमापानेच पकडता येते. नुसत्या ग्वाहीला पकडायला काहीच नसते.

मात्र एका बाबतीत श्रद्धेने सरकारला अडवले पाहिजे. मंडळाची पाण्याची वर्गवारी उपयोगावर उभी आहे. अ वर्ग जंतुनाशन करून पिण्यासाठी, ब अंघोळीसाठी, क पूर्ण प्रक्रियेनंतर पिण्यासाठी, ड मासे आणि वन्यजीवांसाठी, इ शेती आणि कारखान्यांतल्या शीतकरणासाठी. म्हणजे नदी किती वाईट असली तरी तिला कुठल्या ना कुठल्या कामाला लावता येते, आणि खालच्या वर्गात गेलेली नदी तिथेच रुजते. हवेच्या मर्यादेतही हाच हिशेब आहे: सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ साठी आपला वार्षिक निकष घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ पासून ५. ४० आणि ५ यांच्यातले अंतर विज्ञानाने ठरवलेले नाही. किती लोकांच्या फुप्फुसांचे किती नुकसान चालवून घ्यायचे, हे आपण ठरवले आहे. असा निर्णय अधिसूचनेत दडवून ठेवण्यासारखा नसतो. ‘नदी आपल्या किती उपयोगाची?’ याच्या आधी ‘आपण नदीचे काय देणे लागतो?’ हे विचारण्याची ताकद प्रयोगशाळेत नाही, ती नदीला आई म्हणणाऱ्यांत आहे. त्यांनी आकड्याला नाकारण्यात ही ताकद घालवू नये; आकडा हातात घेऊन मर्यादा खाली आणायला लावावी.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आता तोंडावर आहे, आणि तिथे हे करून दाखवता येईल. रामकुंडावर आणि कुशावर्तावर रोज पहाटे घेतलेल्या नमुन्यांचे आकडे, मध्यक न काढता, मराठीत आणि हिंदीत मोठ्या फलकावर लागावेत. कोलिफॉर्मच्या चाचणीला वेळ लागतो, म्हणून आकडे आदल्या दिवसांचे असतील. तेवढे चालेल, तारीख आणि वेळ लिहावी. भाविक घाबरून परत जातील अशी भीती प्रशासनाला वाटेल. काही जण जातीलही, काही फक्त पाय बुडवतील, बहुतेक जण सगळे वाचून तरीही उतरतील. तो त्यांचा अधिकार आहे. पण फलक वाचून उतरलेली आणि अंगावर खाज घेऊन गावी परतलेली माणसे पुढच्या वेळी महापालिकेला मैलापाण्याच्या प्रक्रिया केंद्राबद्दल विचारतील, आणि साधूंचे आखाडेही विचारतील. शाही मिरवणुकीच्या मार्गाइतकाच नाल्यांच्या तोंडांचा नकाशा त्यांच्या बैठकीत पसरला गेला पाहिजे.