सही करण्याआधी

वाई, रविवार

चि. सई,

पोरी, तुझा फोन आल्यापासून माझ्या डोक्यात तोच विषय घोळतोय. तू घाईत होतीस, आणि मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. त्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात भाषणं आणि प्रसिद्धिपत्रकं लिहायची नोकरी, तुझ्या आत्ताच्या साप्ताहिकाच्या जवळजवळ दुप्पट पगार, शिवाय विमा. बाबाला अजून सांगितलेलं नाही म्हणालीस, तेव्हा मीही गप्प आहे. त्याचा गुडघा आता बरा आहे. काठी घेऊन गणपतीच्या घाटापर्यंत जातो आणि आल्यावर दुखलं नाही म्हणून सगळ्यांना ऐकवतो. पाऊस वेळेवर आला, कृष्णेला पाणी चढलंय.

आधीच सांगते, जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रातून राजकारणात गेलं की माणूस बाटतो, असं मी मानत नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, तिथे दोन्हीकडची माणसं पाहिली. माझी काळजी वेगळी आहे. शाळेत असताना तू भित्तिपत्रकात लिहिलं होतंस, मुलींच्या बाजूच्या टाकीत आठवडाभर पाणी नाही म्हणून. बाईंनी तो कागद काढायला सांगितला, तर तू म्हणालीस, पाणी आलं की काढते. दिसतं ते सांगायची तुझी ती सवय त्या कार्यालयाच्या गुळगुळीत खुर्चीवर बसून मोडेल का, एवढीच मला धास्ती आहे.

तू पाठवलेलं, बातमीदारीतून अमेरिकेच्या सिनेटपर्यंत गेलेल्या पॉल सायमन यांचं आत्मचरित्र संपवलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं, पण शेवटपर्यंत वाचलं. तू कार्बनडेलच्या ज्या विद्यापीठात शिकलीस, तिथेच निवृत्तीनंतर १९९७ साली त्यांनी धोरणविषयक संस्था काढली, त्यामुळे तुला ते नाव माझ्याआधी ठाऊक होतं. तरी तुझ्यासमोर आज जे कोडं आहे, ते या माणसाने आयुष्यभर सोडवलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. ऐकून घे.

एकोणीस वर्षांचा मुलगा, वय तुझ्यापेक्षाही कमी. १९४८ साली कॉलेज सोडून इलिनॉयमधल्या ट्रॉय नावाच्या गावात बंद पडलेलं साप्ताहिक चालवायला घेतो. गावच्या लायन्स क्लबातल्या लोकांनी हमी दिली, ३,६०० डॉलरचं कर्ज मिळालं. अशा पोराने खरं तर बारशाच्या आणि लग्नाच्या बातम्या छापून गावाला खूश ठेवायचं. सायमन यांनी मॅडिसन काउंटीतले जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने, आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे अधिकारी यांच्यावर लिहायला सुरुवात केली. १९५१ मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या केफॉव्हर समितीपुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

हे धाडस कुठून आलं, याचा मी विचार करत होते. उत्तर वडिलांपाशी सापडतं. वडील ऑरेगनमधल्या युजीन गावी लुथरन धर्मोपदेशक होते. १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरादारातून उचलून छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांनी उघडपणे विरोध केला. युद्धाचे दिवस होते, लोक चिडले. तेरा वर्षांच्या पॉलला मित्रांनी टोमणे मारले आणि त्याला तेव्हा वडिलांची लाज वाटली. पुढे आयुष्यभर मात्र वडिलांच्या त्याच गोष्टीचा अभिमान वाटला. सई, तुझ्या आजोबांनी आणीबाणीत काय केलं ते तुला बाबाने सांगितलंच आहे. घरातली अशी गोष्ट लहानपणी ओझं वाटते आणि मोठेपणी उभं राहायला कामी येते.

सायमन यांच्या त्याच मॅडिसन काउंटीत मिसिसिपीकाठी ऑल्टन हे गाव आहे. एलायजा लव्हजॉय नावाचा संपादक तिथे गुलामगिरीविरुद्ध लिहीत असे. जमावाने त्याची छपाईयंत्रं पुन्हापुन्हा मोडली, तरी तो नवीन मागवत राहिला. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री नवं यंत्र वाचवताना त्याला गोळ्या घातल्या. सायमन यांनी त्याचं चरित्र लिहिलं. ऑल्टनला त्याचा उंच स्मारकस्तंभ आहे म्हणतात. सुट्टी मिळाली की एकदा जाऊन ये, आणि मैत्रिणीला घेऊन जा, एवढा रस्ता एकटीने गाडी हाकू नकोस.

आता मुद्द्याचं. १९५४ मध्ये सायमन राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले आणि लगेचच त्यांनी दरवर्षी स्वतःचं उत्पन्न जाहीर करायला सुरुवात केली. कायद्याची सक्ती नव्हती, कोणी मागितलंही नव्हतं. आणि १९६४ साली, स्वतः त्या सभागृहात बसत असताना, आल्फ्रेड बाल्क या पत्रकाराच्या मदतीने त्यांनी 'हार्पर्स' मासिकात त्याच सभागृहाच्या भ्रष्टाचारावर लेख लिहिला. सुमारे एकतृतीयांश सदस्य पैसे खातात, असं त्यात सरळ म्हटलं होतं. सहकाऱ्यांनी त्यांना बेनेडिक्ट अरनॉल्डच्या नावाचा पुरस्कार दिला. अरनॉल्ड म्हणजे स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना जाऊन मिळालेला सेनापती, आपल्याकडे एखाद्याला सूर्याजी पिसाळ म्हणावं तसं. उद्या पुन्हा त्याच लोकांत जाऊन बसायचं आहे हे ठाऊक असताना असं लिहायला किती बळ लागत असेल! मला तर हे सगळ्यात मोठं वाटलं, पुढच्या खासदारकीपेक्षाही मोठं. चार वर्षांनी लोकांनी त्यांना राज्याचे उपराज्यपाल केलं. राज्यपाल रिपब्लिकन आणि हे डेमोक्रॅट. म्हणजे मतदारांनी पक्ष बाजूला ठेवून यांना वेगळं मत दिलं.

पण पोरी, १९७२ ची गोष्ट नीट वाच. राज्यपालपदासाठी उभे राहिले तेव्हा शिकागोचे महापौर डेली यांच्या बलाढ्य यंत्रणेने त्यांना पाठिंबा दिला. समोर डॅन वॉकर, राज्यभर पायी चालून लोकांना भेटलेले, डेलींच्या यंत्रणेविरुद्ध बोलणारे. जन्मभर स्वच्छ राहिलेले सायमन एकाएकी यंत्रणेचा माणूस ठरले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. वॉकर राज्यपाल झाले. पुढे पद गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तेच आर्थिक गुन्ह्यात तुरुंगात गेले. म्हणून तुला विचारते, ज्यांच्याकडे तू चालली आहेस, त्यांच्या मागे कोण उभं आहे? त्यांच्या निवडणुकीला पैसा कुणी दिला? तुमच्याकडे याच्या नोंदी सार्वजनिक असतात. दोन वर्षं बातमीदारी केलीस, तुला शोधायला शिकवायची गरज नाही. फक्त नोकरी देणाऱ्याबद्दल शोधताना हात आखडू नकोस.

हरल्यावर ते शिकवायला गेले, दोन वर्षांनी काँग्रेसवर निवडून आले आणि १९८४ मध्ये, रीगन यांची लाट असताना, तीन वेळा सिनेटर राहिलेल्या चार्ल्स पर्सींना हरवून सिनेटमध्ये पोहोचले. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतही उतरले, तिथे जमलं नाही. प्रचाराचे सल्लागार गळ्यातला बो टाय काढा म्हणत. त्यांनी काढला नाही. विद्यार्थ्यांना सरकारकडून थेट कर्ज, निरक्षर प्रौढांसाठी कायदा, अशा कामांत ते १९९७ पर्यंत रमले. आणि एवढ्या सगळ्या धावपळीत त्यांचं साप्ताहिक सदर चालूच होतं, मतदारसंघातल्या छोट्या वर्तमानपत्रांसाठी. सिनेटर झाले म्हणून बातमीदार मेला नाही, हे मला तुला सांगायचं आहे.

एक प्रसंग मला झोपू देत नाही. १९९४ च्या मे महिन्यात रवांडात कत्तल चालू होती. सायमन आणि जेफर्ड्स या दोन सिनेटरांनी तिथल्या शांतिसेनेचे जनरल दालेर यांना सरळ फोन लावला. बातमीदार लावतो तसा. दालेर यांनी सांगितलं, पाच ते आठ हजार सैनिक मिळाले तर हे थांबवता येईल. दोघांनी त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांना पत्र धाडलं. उत्तर यायला आठवडे लागले आणि त्यात काही नव्हतं. तोवर लाखो माणसं मेली. सायमन नंतर म्हणत, सुरुवातीलाच प्रत्येक सदस्याला मतदारसंघातून शंभर पत्रं आली असती तर वेगळं घडलं असतं. त्या कार्यालयात बसलीस की येणारी पत्रं पहिल्यांदा तुझ्याच हातात पडतील. छापील उत्तर चिकटवून ती मोकळी करू नकोस, बाळा. त्यातलं एखादं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेव, त्यांना आवडो न आवडो.

तेव्हा सही करण्याआधी त्यांना स्पष्ट विचार, स्वतःच्या नावाने लिहायची मुभा राहील का. राजकारणावर नको म्हणाले तरी चालेल, शाळा, पाणी, शेती यांवर चालेल का ते विचार, आणि होकार कागदावर घे. जे खरं नाही ते लिहायला सांगितलं तर नाही म्हणता येईल का, हेही विचार. प्रश्न ऐकून चेहरा बदलला तर तुला उत्तर मिळालंच. पगारातून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढेपर्यंत नवी गाडी घेऊ नकोस. शिल्लक असली की नाही म्हणणं सोपं जातं. कोणाकडून काय भेट आली, कोणाच्या पैशाने जेवलीस, ते वहीत टिपून ठेव.

बाबाला मात्र तूच सांग, तेही ठरवून टाकण्याआधी. तो आधी चिडेल, मग दुसऱ्या दिवशी पगाराचा आकडा विचारेल. मेतकूट आणि आमसुलं जोशांच्या मुलाबरोबर पाठवली आहेत, तो पुढच्या आठवड्यात शिकागोला पोहोचेल. त्या कार्यालयातले लोक काय म्हणाले ते मला सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

तुझी,
आत्या