‘सी पॉझिटिव्ह’ आणि प्रत्यारोपणाची वाट

बदलापूर किंवा अंबरनाथच्या डायलिसिसच्या रुग्णाचे आयुष्य दोन ठिकाणी वाटलेले असते. आठवड्यातून दोन-तीनदा घराजवळच्या केंद्रात चार-चार तास मशीनवर, आणि प्रत्यारोपणासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात. हिपॅटायटिस सीवरच्या उपचाराचा निर्णय या दोन ठिकाणांच्या मध्ये लोंबकळत राहतो. केंद्राला वाटते ते मुंबईवाले बघतील; मुंबईवाल्यांना वाटते औषध तिकडेच सुरू असेल. हा आजार आता प्रत्यारोपणाच्या आड येत असेल, तर दोष औषधांचा नाही, आपल्या तुटक व्यवस्थेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी तसे म्हणता आले नसते. तेव्हाचे औषध इंटरफेरॉन. ते प्रतिकारशक्तीला चेतवायचे, आणि चेतलेली प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडावरच उलटण्याचा धोका असायचा. विषाणू मारावा तर अवयव जातो, अवयव जपावा तर विषाणू यकृत पोखरतो. मग २०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली, २०१५ मध्ये त्याची स्वस्त भारतीय रूपे आली आणि २८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तर विषाणू असलेल्या दात्यांची मूत्रपिंडे विषाणू नसलेल्या रुग्णांना दिली आणि नंतर औषध देऊन त्या पहिल्या दहाही जणांचा संसर्ग घालवला. हा अहवाल २०१७चा.

मग अडते कुठे? गोळ्या कधी सुरू करायच्या, यावर. आई किंवा पत्नी मूत्रपिंड द्यायला तयार असेल तर उपचार शस्त्रक्रियेआधी संपवता येतो, नंतरही करता येतो. पण आधी यकृत किती कडक झाले आहे ते पाहावेच लागते. यकृतच निकामी होत आलेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा. विषाणू गेल्यावर रक्ताचे आकडे थोडे सुधारतात, प्रतीक्षायादीतला क्रम खाली जातो आणि माणूस मात्र आजारीच राहतो. अशा काहींना नवे यकृत बसल्यावर उपचार देणे शहाणपणाचे. त्यात आपल्याकडे क्षयरोग. त्यावरचे रिफॅम्पिसिन हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा प्रभाव घालवते, शिवाय अवयव टिकवणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही खाली आणते. विषाणू जाऊन यकृत सुधारले तरी ही पातळी घसरू शकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. हे सगळे एकाच डॉक्टरच्या नजरेखाली हवे.

उल्हासनगरला या प्रश्नाची आणखी एक जुनी बाजू आहे. फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या जनुकाचे प्रमाण जास्त. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, आणि दात्याच्या रक्ताची सीसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी ज्यांना रक्त चढले ती मुले आज प्रौढ आहेत. त्यांच्यातल्या कुणाच्या यकृतात साठलेल्या लोहाबरोबर हा विषाणूही असू शकतो. थॅलेसेमियावरच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा धोका ठरवताना यकृताचे कडकपण मोजले जाते. म्हणून या प्रौढांची तपासणी राहून जाणे मला अक्षम्य वाटते.

‘सी पॉझिटिव्ह’ या शिक्क्याचाही विचार झाला पाहिजे. बरे झाल्यावरही अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षे राहतात. विषाणू आहे की नाही ते आरएनए चाचणीच सांगते. फाईलवर हा जुना शेरा तसाच राहिला तर बरा झालेला माणूसही सीच्या रुग्णांसाठी राखलेल्या वेगळ्या मशीनसाठी ताटकळतो. उलट, डायलिसिसच्या रुग्णात अँटिबॉडी न दिसताही विषाणू असू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. आणि मशीन वेगळे ठेवले म्हणून हात धुणे, प्रत्येक रुग्णामागे हातमोजे बदलणे सुटता कामा नये. केंद्रात संसर्ग पसरतो तो मुख्यतः याच हलगर्जीपणातून.

डायलिसिस घेणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या फेरीला आपला आरएनएचा अहवाल मागावा, त्याची प्रत मुंबईच्या फाईलला लावावी आणि गोळ्या कधी सुरू करायच्या हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.