कोणता डोळा लवतोय?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



"काकू, उजवा डोळा लवतोय हो, काय असेल?" असा प्रश्न आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. लगेच उत्तरंही येतात. बाईचा डावा शुभ, पुरुषाचा उजवा शुभ, उलट असेल तर जपून राहा. आम्हीही अशी उत्तरं दिली आहेत. पण त्यातून आपण कुणाचं भलं करतो, हे आज स्वतःलाच विचारावंसं वाटलं.

आमच्या बडोद्याच्या घरातलीच गोष्ट. आईंचं आजारपण चाललं होतं. सूनबाई तीन आठवडे रात्री-अपरात्री उठत होती आणि दिवसा चहावर चहा घेऊन काम रेटत होती. त्यातच इंदूरला तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आईंजवळ राहायला लेक आली, सूनबाईचं गाडीचं तिकीटही निघालं. निघायच्या दिवशी सकाळपासून तिचा उजवा डोळा फडफडू लागला. आम्ही म्हणालो, "नको जाऊस बाई, लक्षण ठीक दिसत नाही." ती काही बोलली नाही. तिकीट रद्द झालं.

ऑपरेशन छान पार पडलं. पट्टी सोडल्यावर वडिलांनी आधी विचारलं, "ताई आली का?"

अपशकुन खरा झाला म्हणायचं, तर तो आम्हीच खरा केला. त्या दिवशी घरात प्रत्येकानं विचारलं, कोणता डोळा? "झोप झाली का गं?" हे एकानंही विचारलं नाही.

डोळा लवतो म्हणजे काय होतं? पापणीतला बारीक स्नायू आपोआप आकसतो, सुटतो, पुन्हा आकसतो. बहुतेक वेळा एकाच डोळ्याची, जास्त करून खालची पापणी. कारणं साधीच असतात: अपुरी झोप, मनावरचा ताण, जास्त चहा-कॉफी, तासन्‌तास मोबाईल, डोळ्यांचा कोरडेपणा. विश्रांती घेतली, चहा कमी केला, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा मिटल्या डोळ्यांवर ठेवला की बहुधा काही दिवसांत थांबतं.

दोन-तीन आठवडे थांबलंच नाही, डोळा पूर्ण मिटू लागला, गाल किंवा ओठही उडू लागला, पापणी खाली ओघळली, डोळा लाल झाला किंवा सुजला, तर डॉक्टरांना दाखवावं. त्यावर उपचार आहेत. आणि तोंड एकदम वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर शकुन बघत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

मग कुणी विचारेल, शास्त्रात आहे ते खोटं का? सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतामाईचा डावा डोळा लवतो, तिला धीर येतो. आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनालाही विपरीत लक्षणं दिसतात. चांगलं तेवढं मानायचं, वाईट सोडून द्यायचं, ही सोयीची श्रद्धा नाही का झाली?

आम्ही यावर बराच विचार केला. सीतामाईची निष्ठा डोळा लवण्याआधीही तेवढीच होती. शकुनानं तिला उभारी दिली, तिचं कर्तव्य बदललं नाही. अर्जुन मात्र ती लक्षणं सांगत धनुष्य खाली ठेवतो. भगवंत त्याच्याशी शकुनांवर वाद घालत नाहीत, त्याला त्याचं कर्तव्य सांगतात. दोन्हीकडे कसोटी एकच. शकुनानं मनाला बळ येत असेल तर हात जोडावेत. त्याच्या नावाखाली कर्तव्य टळत असेल, किंवा दुसऱ्याच्या मनात भीती बसत असेल, तर तो बाजूला ठेवावा. तिथे श्रद्धेच्या नावानं आपणच आपल्या माणसाला अडवत असतो.

वडीलधाऱ्यांची टिंगल मात्र करू नये. "जपून जा गं" म्हणण्यामागे त्यांची मायाच असते. ती माया योग्य प्रश्नाकडे वळवायची, एवढंच.

सूनबाईची आम्ही माफी मागितली. पुढच्या महिन्यात ती आठ दिवस माहेरी राहून आली. रात्रीची पाळी आता घरातल्या पुरुषांनीही वाटून घेतली आहे. डोळा केव्हा थांबला, हे तिलाही आठवत नाही.

*या आठवड्याचा नेम:* घरात कुणी "डोळा लवतोय" म्हणालं, तर डावा की उजवा हे विचारण्याआधी "रात्री किती झोपलास? मनात काही आहे का?" असं विचारू या. आणि उत्तर पूर्ण ऐकू या.

सद्गुरुचरणी अर्पण. 🙏